पन्नास मिलिग्रॅमचा फरक

समजा, एका चाळीत शेजारी राहणारे दोघे आहेत. दोघेही पस्तिशीतले, दोघांचेही वजन ६० किलो. दोघांनाही फिट येतात आणि दोघेही रोज रात्री जेवणानंतर फेनिटॉइनच्या १०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या घेतात. पहिल्याला दोन वर्षांत एकदाही फिट आलेली नाही. दुसरा तिसऱ्या आठवड्यातच भिंतीला धरून चालू लागला. जीभ जड झाली, नजर एका जागी ठरेना, समोरचे दोन-दोन दिसू लागले. घरच्यांना आधी वाटले, हा पिऊन आला. मग वाटले, आजारच वाढला. डॉक्टरांनी रक्तातली लेव्हल करून आणायला सांगितली, तेव्हा औषध हवे त्याच्या दुप्पट साठल्याचे कळले. त्याने एकही गोळी जास्त घेतली नव्हती.

हे दोघे कल्पनेतले आहेत, पण मेंदूविकारतज्ज्ञाच्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर असे दोघे शेजारी बसलेले असू शकतात. या प्रकरणात आपल्याला त्या दुसऱ्या माणसाच्या गोळीमागे जायचे आहे. ती मेंदूत काय करते, यकृतात तिचे काय होते, आणि आईवडिलांकडून आलेल्या जनुकात एक अक्षर वेगळे असले तर त्याच तीन गोळ्या इतक्या जास्त का होतात?

फेनिटॉइन जुने औषध आहे. हाइनरिख बिल्ट्झ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते १९०८ मध्ये तयार केले. ते कशावर चालेल हे तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हते, आणि ते तीस वर्षे तसेच पडून राहिले. फिटवर तेव्हा मुख्यतः दोन औषधे होती : १८५७ पासून दिली जाणारी ब्रोमाइडे आणि आल्फ्रेड हाउप्टमान यांनी १९१२ मध्ये फिटवर वापरलेले फिनोबार्बिटोन. दोन्ही गुंगी आणणारी. त्यामुळे फिट थांबवायची तर मेंदू थोडा झोपवावाच लागतो, असा समज पक्का झाला होता. बोस्टन सिटी हॉस्पिटलमधल्या ट्रेसी पुटनम आणि ह्यूस्टन मेरिट यांनी हा समज तपासून पाहायचे ठरवले. मांजराला किती विजेने आकडी येते ते मोजायचे, मग एकेक रसायन देऊन आकडी यायला आता किती जास्त वीज लागते ते पाहायचे, अशी त्यांची रीत होती. पार्क-डेव्हिस कंपनीने तपासायला पाठवलेल्या रसायनांत बिल्ट्झ यांचे ते विसरलेले रसायनही होते. फारशी गुंगी न आणता ते आकडी रोखत होते. १९३८ मध्ये त्यांनी रुग्णांवरचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. फिटच्या उपचारांतला खरा वळणबिंदू मी हाच मानतो, कारण फिट थांबवणे आणि मेंदू सुस्त करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे यातून सिद्ध झाले. औषध घेऊनही माणूस शाळेत शिकवू शकतो, हिशेब ठेवू शकतो, हे आज आपल्याला साहजिक वाटते. त्याची सुरुवात इथे आहे.

आता त्या गोळीबरोबर मेंदूत जाऊ.

चेतापेशी निवांत असते तेव्हा तिची आतली बाजू बाहेरच्या मानाने सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण असते. बाहेर सोडियम भरपूर, आत थोडे. पेशीच्या पातळ आवरणात प्रथिनांची सूक्ष्म दारे असतात, त्यांना सोडियम चॅनल म्हणतात. पेशीला पुरेसा इशारा मिळाला की ही दारे एका मिलिसेकंदाच्या आत उघडतात, सोडियम आत धावते आणि विजेचा एक ठोका तंतूवरून पुढे जातो. आपले बघणे, बोलणे, बोट हलवणे अशा ठोक्यांवरच चालते.

या दाराला उघडे आणि बंद अशा दोनच अवस्था असत्या, तर फेनिटॉइनला काही करता आले नसते. त्याला तीन अवस्था आहेत. पहिली, दार नुसते लोटलेले : धक्का मिळाला की उघडेल. दुसरी, दार उघडे. तिसरी, आतून कडी पडलेली. दार उघडल्यावर मिलिसेकंदभरातच ही कडी आपोआप पडते आणि मग बाहेरून कितीही धक्के दिले तरी दार हलत नाही. पेशी पुन्हा निवांत पातळीला आली की कडी निघते आणि दार पुन्हा लोटलेले राहते. ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी माकुळाच्या एका जाड तंतूवर मोजमापे करून हे गणित १९५२ मध्ये मांडले. चॅनलचे प्रथिन तेव्हा कोणी पाहिलेलेही नव्हते. केवळ विजेच्या आकड्यांवरून त्यांनी दार, त्याचे उघडणे आणि त्याची कडी ओळखली होती. मला हे काम आजही थक्क करते.

फेनिटॉइनचा रेणू या तिसऱ्या अवस्थेतल्या दाराला चिकटतो. कडी पडली की तो तिच्यावर बोट ठेवून बसतो आणि ती निघायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागतो. आता दोन पेशींची कल्पना करा. एक सेकंदाला चार-पाच ठोके देते आहे. दोन ठोक्यांमध्ये तिला इतका अवकाश मिळतो की कडीवरचे बोट निघून जाते आणि दार पुन्हा तयार होते. तिच्या कामात अडथळा येत नाही. दुसरी फिटच्या भरात सेकंदाला शंभराहून अधिक ठोके देते आहे. तिची दारे सारखी उघडतात, म्हणून सारखी कडी पडते, म्हणून फेनिटॉइनला चिकटायला जागाच जागा मिळते. काही ठोक्यांत तिची बरीच दारे अडकून पडतात आणि तिचा वेग ढासळतो. पेशी जितकी उसळेल, तितकी औषधाची पकड घट्ट. माणूस जागा राहतो, विचार करतो आणि फिट मात्र पसरत नाही, यामागे ही निवड आहे.

फिट आलेल्या माणसाच्या नाकाशी कांदा किंवा चप्पल धरणारे, मुठीत किल्ली देणारे लोक आपण पाहिले आहेत. बहुतेक फिट दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, म्हणून किल्लीचा गुण आला असे वाटते. पण त्या मिनिटांत मेंदूत जे चाललेले असते त्यावर मुठीतल्या लोखंडाचा काहीच परिणाम होत नाही. दारापर्यंत पोहोचते ते औषधच, आणि तेही योग्य प्रमाणात रक्तात असले तरच.

हे योग्य प्रमाण ठरवणे फेनिटॉइनच्या बाबतीत फार अवघड आहे. रक्ताच्या दर मिलिलिटरमागे १० ते २० मायक्रोग्रॅम ही त्याची मान्य पातळी. त्याखाली फिट परतू शकते. वर गेले की आधी डोळ्यांची बुबुळे थरथरतात, ३० च्या आसपास चाल लडखडते, ४० च्या पुढे माणूस सुस्त, गोंधळलेला होतो. तोल, उच्चार आणि नजर सांभाळणारा लहान मेंदू पहिला फटका सोसतो. आपल्या दुसऱ्या माणसाचे नेमके हेच झाले होते.

फेनिटॉइन शरीरातून बाहेर काढण्याचे काम यकृतातली एन्झाइम करतात. बहुतेक औषधांच्या बाबतीत डोस दीडपट केला तर रक्तातली पातळीही दीडपट होते, कारण एन्झाइमपाशी मोकळी क्षमता भरपूर असते. फेनिटॉइनचे तसे नाही. एसटी स्टँडवरच्या एकाच तिकीट खिडकीसारखे हे काम आहे. प्रवासी थोडे असतील तोवर प्रत्येकाला लगेच तिकीट मिळते. खिडकीचा वेग जेवढा, तेवढेच प्रवासी येऊ लागले की मागे रांग उभी राहते. त्यानंतर तासाला चार माणसे जास्त आली तरी रांग वाढतच जाते.

पाठ्यपुस्तकातले सरासरी आकडे घेऊन हिशेब करू. ६० किलोच्या प्रौढाचे यकृत दिवसाला जास्तीत जास्त साधारण ४२० मिलिग्रॅम फेनिटॉइन मोडू शकते. गोळीतले औषध सोडियमच्या क्षाराच्या रूपात असते, म्हणून ३०० मिलिग्रॅममध्ये खरे फेनिटॉइन २७६. या माणसाची पातळी स्थिरावते ८ च्या आसपास, म्हणजे थोडी कमीच. डॉक्टर डोस ३५० करतात. पातळी १३. उत्तम. एखादी फिट येते, म्हणून आणखी ५० वाढवतात आणि डोस ४०० होतो. पातळी २८. पहिल्या पन्नासाने पाच अंक वाढले, दुसऱ्या पन्नासाने पंधरा. म्हणूनच जाणते डॉक्टर हा डोस थोडा थोडा वाढवतात आणि दर वेळी थांबून रक्त तपासतात. रुग्णाने मनानेच अर्धी गोळी वाढवणे या एका औषधाच्या बाबतीत विशेष धोक्याचे आहे. (गोळ्या एकदम बंद करणे तर त्याहून धोक्याचे. एकामागून एक न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात आणि त्यात जीव जातो.)

ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात १९६८ मध्ये याचा फार बोलका अनुभव आला. वर्षानुवर्षे त्याच डोसवर ठीक असलेल्या अनेक रुग्णांना अचानक तोल जाण्याचा त्रास सुरू झाला. शोध घेतल्यावर कळले, कॅप्सूलमधले औषध तेवढेच होते, फक्त जागा भरायला घातलेली भुकटी बदलली होती. आधी कॅल्शियम सल्फेट होते, आता लॅक्टोज. कॅल्शियम सल्फेट थोडे औषध आतड्यात अडकवून ठेवत असे. लॅक्टोजमुळे जास्त औषध रक्तात उतरू लागले. खिडकी आधीच भरलेली, तेवढा फरकही जड गेला. आपल्याकडे औषधाच्या दुकानात 'तेच आहे, दुसऱ्या कंपनीचे' असे सांगितले जाते, तेव्हा फेनिटॉइन घेणाऱ्याने ब्रँड बदलू नये आणि बदलावाच लागला तर डॉक्टरांना कळवावे, हा आग्रह याच अनुभवातून आला आहे.

पण आपल्या दुसऱ्या माणसाने ब्रँडही बदलला नव्हता. त्याची खिडकीच जन्मापासून हळू होती.

फेनिटॉइनचा सुमारे नव्वद टक्के भार उचलणाऱ्या एन्झाइमचे नाव सीवायपी२सी९. त्याचे जनुक दहाव्या गुणसूत्रावर असते आणि त्याच्या दोन प्रती आपल्याकडे असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. ४९० अमिनो आम्लांची माळ ओवून हे एन्झाइम बनते. काही माणसांच्या जनुकात एका ठिकाणी 'ए' या अक्षराऐवजी 'सी' असते आणि त्यामुळे माळेतला ३५९ वा मणी बदलतो : आयसोल्यूसिनऐवजी ल्यूसिन येतो. या दोन अमिनो आम्लांत तेच अणू असतात, तितकेच असतात. फक्त एका फांदीची जागा सरकलेली असते. एवढ्या फरकाने एन्झाइमचा औषध पकडायचा खळगा किंचित वेडावाकडा होतो आणि कामाचा वेग चांगलाच उतरतो. जनुकशास्त्रात याला तीन क्रमांकाचा प्रकार म्हणतात.

समजा, त्याच्याकडे या प्रकाराची एक प्रत आहे आणि त्यामुळे यकृताची क्षमता एक तृतीयांशाने घटून ४२० वरून २८० वर आली आहे. त्याला रोज मिळते आहे २७६. खिडकी जवळजवळ पूर्ण भरलेली. पातळी कुठेही स्थिरावत नाही, आठवड्यामागून आठवडे चढत राहते. भिंतीला धरून चालायची वेळ पहिल्या दिवशी न येता तिसऱ्या आठवड्यात का आली, त्याचे उत्तर इथे मिळते. आणि त्याचा योग्य डोस किती? तोच हिशेब उलटा केला तर २०० मिलिग्रॅम. त्याच्या शेजाऱ्याला ३०० मिलिग्रॅमवर जी पातळी मिळायला हवी, ती याला २०० वर मिळते.

हा प्रकार आपल्याकडे दुर्मीळ नाही. दक्षिण भारतातल्या अभ्यासांत जनुकाच्या दर शंभर प्रतींपैकी सुमारे ८ या प्रकारच्या आढळल्या, म्हणजे साधारण दर सहा-सात माणसांत एकाकडे निदान एक प्रत. दोन्ही प्रती याच असणारी माणसे थोडी, पण त्यांचा त्रास फार मोठा. पुद्दुचेरीच्या जिपमर संस्थेतल्या डॉक्टरांनी २००७ मध्ये अशाच एका रुग्णाची तीव्र विषबाधा नोंदवली होती. एक प्रत असेल तर रोजचा डोस साधारण पावपट कमी ठेवावा, दोन असतील तर निम्मा, असे आजची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. तातडीच्या वेळी शिरेतून दिला जाणारा पहिला डोस मात्र कमी करायचा नसतो, कारण तो शरीर भरण्यासाठी असतो; खिडकीचा वेग पुढच्या दिवसांत महत्त्वाचा ठरतो.

आतापर्यंत आपण औषध किती साठते हे पाहिले. जनुकांचा दुसरा खेळ प्रमाणाशी नाहीच. तिथे अगदी योग्य डोसही जिवावर बेतू शकतो.

कार्बामाझेपिन हे औषध १९५३ मध्ये बाझेलच्या गायगी कंपनीत वॉल्टर शिंडलर यांनी तयार केले. तेही सोडियमच्या त्याच दारावर काम करते. आपल्याकडे 'टेग्रेटॉल' नावाने ते घराघरांत माहीत आहे, चेहऱ्याच्या नसेच्या असह्य कळांवरही ते देतात. लाखो लोकांना ते सोसते. थोड्यांना मात्र सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांत ताप येतो, डोळे लाल होतात, तोंडात आणि ओठांवर फोड येतात आणि मग अंगाची कातडी भाजल्यासारखी सुटू लागते. अल्बर्ट स्टीव्हन्स आणि फ्रँक जॉन्सन या अमेरिकन डॉक्टरांनी १९२२ मध्ये अशा मुलांचे वर्णन केले, म्हणून याला स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम म्हणतात. कातडी फार मोठ्या भागावर सुटली तर दर तिघांतला जवळजवळ एक दगावतो.

हे कोणाला होईल, हे सांगता येत नाही असेच दीर्घकाळ समजले जात होते. तैवानमधल्या संशोधकांनी २००४ मध्ये 'नेचर'मध्ये एक छोटा शोधनिबंध छापला. कार्बामाझेपिनमुळे हा विकार झालेले ४४ रुग्ण त्यांनी तपासले. ४४ च्या ४४ जणांकडे एचएलए-बी जनुकाचा १५:०२ हा प्रकार होता. औषध सोसलेल्या १०१ जणांत तो फक्त तिघांकडे होता. जनुक आणि आजार यांचे नाते इतके सरळ क्वचितच दिसते.

एचएलए ही पेशीच्या पृष्ठभागावरची ताटली. पेशी आपल्या आतल्या प्रथिनांचे तुकडे तिच्यावर मांडते आणि रोगप्रतिकारक टी-पेशी गस्त घालताना ते तपासतात. घरचे असेल तर पुढे जातात, विषाणूचे असेल तर पेशी मारतात. १५:०२ या ताटलीचा आकार असा की कार्बामाझेपिनचा रेणू तिच्यावर नीट बसतो आणि काही टी-पेशींना घरचेच ताट परके दिसू लागते. त्या ग्रॅन्युलायसिन नावाचे घातक प्रथिन सोडतात आणि त्वचेच्या पेशी पटापट मरतात.

तैवानमध्येच पुढे ४,८७७ जणांची औषध सुरू करण्याआधी चाचणी झाली. ७.७ टक्के लोकांत हा प्रकार सापडला. त्यांना दुसरे औषध दिले. आधीच्या अनुभवावरून सुमारे दहा जणांना हा विकार व्हायला हवा होता. २०११ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा ती संख्या शून्य होती. एका रक्तचाचणीने दहा माणसांची कातडी आणि कदाचित काहींचे प्राण वाचले.

भारतीयांत या प्रकाराचे प्रमाण २ ते ४ टक्के आणि काही समाजगटांत त्याहून जास्त, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या माहितीपत्रकात म्हटले आहे. भारतातल्या २००९ च्या एका लहान अभ्यासात कार्बामाझेपिनमुळे हा विकार झालेल्या ८ पैकी ६ जणांकडे तो आढळला. माझे मत स्पष्ट आहे : ज्याला हे औषध नव्याने सुरू करायचे आहे त्याने ही चाचणी आधी करावी, आणि परवडत नसेल तर दुसरे औषध चालेल का हे डॉक्टरांना विचारावे. ज्यांनी ते अनेक महिने निर्धोक घेतले आहे त्यांना या चाचणीची गरज नाही, कारण धोका जवळजवळ सगळा सुरुवातीच्या काळातच असतो.

२०१४ मध्ये तैवानमधूनच आणखी एक धागा सापडला. फेनिटॉइनमुळे त्वचेचा गंभीर विकार झालेल्यांचा सगळा जनुकसंच चाळला, तेव्हा त्यात वर आला आपला ओळखीचा सीवायपी२सी९ चा तीन क्रमांकाचा प्रकार. हळू खिडकीमुळे औषध शरीरात रेंगाळते आणि रेंगाळलेले औषध त्वचेलाही महागात पडू शकते. तोल जाणारा आपला दुसरा माणूस या अर्थानेही जपायला हवा.

जनुकांचा शेवटचा खेळ थेट त्या दारापाशी आहे. फ्रेंच डॉक्टर शार्लट ड्रावे यांनी १९७८ मध्ये बाळांमधल्या एका कठीण फिटचे वर्णन केले. पाच-आठ महिन्यांचे, हसते-खेळते बाळ. ताप येतो आणि लांबलचक फिट येते. २००१ मध्ये अँटवर्पच्या संशोधकांना कारण सापडले : सोडियम चॅनल बनवणारे एससीएन१ए हे जनुक बिघडलेले, एका प्रतीतून दारे धडपणे बनतच नाहीत. लस दिल्यावर ताप येऊन पहिली फिट दिसली की दोष लसीला दिला जाई. ऑस्ट्रेलियात २००६ मध्ये 'लसीमुळे मेंदू बिघडला' असे समजलेल्या १४ जणांची तपासणी झाली, तेव्हा ११ जणांत याच जनुकाचा बिघाड निघाला.

दारे कमी असतील तर फिट कमी यायला हव्यात, असे आपल्याला वाटेल. उंदरांवरच्या प्रयोगांनी कोडे सोडवले. या विशिष्ट दारावर सर्वांत जास्त अवलंबून असतात त्या इतरांना शांत करणाऱ्या चेतापेशी. त्यांचीच दारे अपुरी पडली की आवरणारे दुबळे होतात आणि उसळणाऱ्यांना कोणी अडवत नाही. अशा बाळाला फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन दिले, तर उरल्यासुरल्या दारांनाही कडी लागते. फिट वाढतात. म्हणून या मुलांना व्हॅल्प्रोएट, क्लोबाझाम, स्टिरिपेंटॉल अशी वेगळ्या वाटेने जाणारी औषधे देतात.

फिट थांबत नाही म्हणून मध्यरात्री बाळाला घेऊन आईवडील अपघात विभागात धावतात. ड्युटीवरचा डॉक्टर ओळखीचा नसतो. पहिल्या इंजेक्शनने फिट थांबली नाही की त्याचा हात सवयीने फेनिटॉइनकडे जातो, आणि दुसऱ्या कुठल्याही बाळासाठी ते बरोबरच असते. म्हणून ड्रावे सिंड्रोम असलेल्या बाळाच्या फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला सांगतात : फेनिटॉइन देऊ नका. काही आया त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवतात आणि एक प्रत बाळाच्या दुपट्यांच्या पिशवीत.